अण्णांचा क्लच

पावसाने निरोप घेतला की आमच्या बोरिवलीत चार-आठ दिवस कोणालाच धड कळत नाही, आता ऋतू कोणता चालू आहे. छत्र्या अजून दारामागे लटकत असतात, भिंतीवरची ओल पुरती सुकलेली नसते. मग एका दुपारी खिडकीचा गज हाताला चटका देतो आणि आई स्वयंपाकघरातून म्हणते, "आला बाई तुझा ऑक्टोबर." तुझा म्हणजे, जणू मीच तो बाजारातून पिशवीत घालून आणलाय. नॅशनल पार्कच्या बाजूची झाडं हिरवीगार दिसत असतात, पण पान हलत नाही. पंखा फिरतो, पण वारा येत नाही. अंगाला घाम चिकटलेला असतो आणि सोसायटीच्या गच्चीवर घराघरांतल्या गाद्या ऊन खात पडलेल्या असतात.

या दिवसांत मी टेबलाखालून माझी पेडल्स बाहेर काढते. दसऱ्याला कोणी शिवणयंत्र पुसतं, कोणी स्कूटर धुतं, मी पेडल्स पुसते. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलं होतं, "व्यायामाचं आहे का गं हे?" मी सरळ हो म्हणून टाकलं. पन्नाशीकडे झुकलेली, एका एक्स्पोर्ट कंपनीत हिशेब सांभाळणारी बाई रविवारी कॉम्प्युटरवर विमान उडवते, हे दारात उभं राहून समजावणं जरा कठीणच आहे. तसं ते यंत्र अगदी साधं. विमानाच्या शेपटीला एक उभी पट्टी असते, ती या पेडल्सनी वळते. डावं पेडल पुढे दाबलं की विमानाचं नाक डावीकडे वळतं, उजवं दाबलं की उजवीकडे. दोन्ही चवड्यांनी खाली दाबली की चाकांना ब्रेक लागतात. खरं विमान असंच चालतं आणि खेळातलं विमानही असंच चालतं. लोखंडाची चौकट, पाय ठेवायला दोन रुंद पावलं, मध्ये एक जाडजूड स्प्रिंग. फडक्याला तेल लावून मी एकेक कोपरा पुसते तेव्हा मला दर वेळी तोच एक ऑक्टोबर आठवतो.

त्याच्या आधीची पेडल्स प्लास्टिकची होती. ऑफिस घरात आलं त्या काळात मी ती मागवली होती. दिवसभर त्याच खुर्चीत बसून लोकांची बिलं तपासायची आणि संध्याकाळी त्याच खुर्चीतून उडून जायचं, हा माझा बेत. पण ती पेडल्स इतकी हलकी की पाय दाबला की पेडलऐवजी आख्खं यंत्रच गुळगुळीत लादीवरून पुढे सरकायचं. विमान आकाशात आणि मी खुर्चीतून घसरत टेबलाखाली. शेवटी आईचा गावाहून आणलेला पाटा कामाला आला. मिक्सर आल्यापासून तो सिंकखाली पडून होता. तो पेडल्सच्या पुढे भिंतीला टेकवून ठेवला आणि माझं विमानदळ स्थिर झालं. आई म्हणाली, "माझ्या सासूने त्यावर वाटप वाटलं, तू विमान वाटतेस. चालू दे."

अण्णा, म्हणजे माझे वडील, या उद्योगाकडे सुरुवातीला लांबूनच बघायचे. त्यांनी आयुष्यभर शहरात बस चालवली. मालवणाकडून आले तेव्हा त्यांचे वडील गिरणीत होते, पण अण्णांना एका जागी उभं राहून काम करणं जमणारं नव्हतं. त्यांना चाक हवं होतं. निवृत्त झाल्यावरही रिक्षात बसले की त्यांचा उजवा पाय हवेत ब्रेक मारायचा. असा माणूस किती दिवस लांबून बघणार? एका रविवारी माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उठ गो जरा. बघूया तुझी गाडी."

त्या दिवसापासून आमच्या घरात विमानं डावीकडे जायला लागली. झालं असं की, अण्णांना वेग कमी करायचा असला की आधी त्यांचा डावा पाय जायचा. इतकी वर्षं क्लच दाबून मग ब्रेक मारलेला तो पाय. नाकावर पंखा असलेलं छोटं विमान धावपट्टीवर पळताना मुळातच डावीकडे ओढतं, त्यात अण्णांचा क्लच. विमान धावपट्टी सोडून गवतात, गवत सोडून कुंपणात.

"अण्णा, विमानाला क्लच नसतो!"

"मग गियर कसा बदलतात?"

"गियरही नसतो."

"मग पायलट दिवसभर करतो काय?" असं विचारून अण्णा पुन्हा धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. बसवाल्याची जिद्द. हळूहळू डाव्या पायाची खोड मोडली आणि त्यांना जमायला लागलं. सांताक्रूझच्या धावपट्टीवरून उडायचं, समुद्रावरून वळून उत्तरेला यायचं, स्क्रीनवर बोरिवली शोधायची, आणि "हा बघ आपला स्टेशन," म्हणत कुठल्याही चौकोनाकडे बोट दाखवायचं. मी त्यांना एकदा अवकाशातल्या खेळातही घेऊन गेले. तिथे हवाच नाही, त्यामुळे यान एकदा सुटलं की सुटलं, थांबवायचं तर उलट्या बाजूने जोर लावायला लागतो. अण्णांनी थोडा वेळ ते बघितलं आणि कानाला हात लावला. म्हणाले, "ब्रेक नाय ती गाडी मी हातात घेत नाय." अवकाश माझ्या वाट्याला राहिलं.

आणि मग तो ऑक्टोबर. चांगलं उतरणारे अण्णा पुन्हा डावीकडे जायला लागले.

मला वाटलं, पेडल्सचा दोष. तो थोडा होताही. प्लास्टिकची स्प्रिंग इतकी मऊ होती की पाय नुसता ठेवला तरी पेडल दबायचं, आणि मधली जागा कुठे आहे ते पायाला कळायचंच नाही. अण्णांनीही लगेच मान डोलावली. "भंगार आहे गो हे. पायाखाली काय लागतच नाय." हे वाक्य त्यांनी किती सहज म्हटलं होतं, आणि मी किती सहज ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात आईने गाद्या गच्चीवर नेल्या. तिचं कंबरेचं दुखणं, म्हणून गाद्या उलटायला भर दुपारी अण्णा वर गेले. चपला जिन्यात राहिल्या. वरची लादी अशी तापलेली की कावळासुद्धा टाकीच्या सावलीत बसतो. अण्णांनी सावकाश सगळ्या गाद्या उलटल्या, बडवल्या, खाली आले, चहा प्यायले. संध्याकाळी आई किंचाळली तेव्हा मी धावत बाहेर आले. त्यांच्या दोन्ही तळव्यांना टरारून फोड आले होते.

"अहो, हे काय करून घेतलंत?"

"चप्पल चावली."

"तळव्याला? चप्पल तळव्याला चावते?"

"नवी आहे ना," अण्णा म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

साखर त्यांना बऱ्याच वर्षांपासून होती. मी त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते तरुण आहेत, शांत आहेत, आणि दवाखाना कितीही भरलेला असला तरी पाय हातात घेऊन बघतात. त्यांच्याकडे नायलॉनचा एक बारीक तंतू असतो, ब्रशच्या जाड केसासारखा. डोळे मिटायला सांगून ते तो पावलावर एकेका जागी टेकवतात आणि विचारतात, लागतंय का? अण्णा डोळे मिटून ताठ बसले आणि प्रत्येक प्रश्नाला ठणठणीत "हो" म्हणाले. अंगठा, हो. करंगळी, हो. चवडा, हो. डॉक्टरांनी फोडांना मलम दिलं आणि म्हणाले, "काका, संवेदना आहे म्हणताय, चांगलंय. पण साखरेमुळे ती कमी झाली तर लगेच सांगा. पायाला जखम झालेली कळली नाही, तर ती आतल्या आत वाढते आणि मग पाय वाचवणं अवघड होतं." अण्णा म्हणाले, "होय तर." घरी येताना रिक्षात त्यांच्या उजव्या पायाने एकदाही ब्रेक मारला नाही.

मी मात्र निश्चिंत झाले. पाय ठीक आहेत म्हणजे पेडल्सच बदलायला हवीत. चांगली धातूची पेडल्स परदेशातून यायची तर माझ्या बजेटचं विमान उडण्याआधीच कोसळलं असतं. मला पेडणेकरकाका आठवले. अण्णांच्या वाडीतले, बालपणापासूनचे दोस्त. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, एक लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंगचा कोपरा. आम्ही दोघं जुनी पेडल्स गोणीत घालून त्यांच्याकडे गेलो. बाहेर रणरणतं ऊन, आत तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. काकांनी गोणीतून प्लास्टिक बाहेर काढलं, दोन बोटांनी दाबून बघितलं आणि हसायला लागले.

"दत्ता, तुझ्यासारख्या माणसाने यावर पाय ठेवला? अरे, ही तर मुलांची सायकल."

"म्हणून तर आलो रे. जड बनव. बसच्या क्लचसारखा जड."

"विमानाला क्लच नसतो, अण्णा," मी म्हटलं.

"तू गप गो."

काकांनी दोघांच्याही पायांची मापं घेतली. चौकट लोखंडाची, पावलं रुंद, टाचेला टेकू. स्प्रिंग एका जुन्या मोटरसायकलची. झटका बसू नये म्हणून बाजूला तेलाचा छोटा डॅम्पर, म्हणजे पाय कितीही घाईने दाबला तरी पेडल सावकाशच सरकणार. मी मध्ये मध्ये बोलत होते, कागदावर काढून दाखवत होते, काका "कळलं ना बाय, कळलं" म्हणत होते. मला फार मजा येत होती. अण्णा स्टुलावर बसून मधूनच आपल्या पायांकडे बघत होते.

पेडल्स घ्यायला गेलो तो दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. वर्कशॉप धुऊन पुसून लख्ख. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला हळदकुंकू, नट आवळायचे पाने आणि मोजपट्ट्या पाटावर ओळीने मांडलेल्या. आणि त्या ओळीच्या मधोमध माझी पेडल्स, पावलांवर कुंकवाची बोटं, डॅम्परवर एक फूल. मी खाली वाकून ती उचलायला गेले तर काकांनी हात आडवा केला.

"आज नाय. पूजेला बसलीत ती. आज हत्याराला काम नाय."

"काका, मी काम नाही करणार. नुसतं अण्णांनी एकदा पाय ठेवून बघायचंय."

"पाय?" काकांनी जीभ चावली. "अगं, हळदकुंकू वाहिलंय त्याला. पाय कसा लावायचा? उद्या सीमोल्लंघन झालं की ने, मग काय नाच घालायचा तो घाल."

पायाने चालवायची वस्तू, आणि तिला पाय लावायचा नाही. मला हसू आलं आणि थोडा रागही आला, कारण मी हाफ डे टाकून आले होते. अण्णा मात्र हात जोडून पाटासमोर शांत उभे होते. मला वाटलं होतं, हा माणूस काकांशी हुज्जत घालील. बस डेपोतून उशिरा सुटली तरी जेवणावर राग काढणारा माणूस. पण ते म्हणाले, "बरोबर हा. आज नको. उद्या बघू." त्यांच्या चेहऱ्यावर मी सुटका झाल्यासारखं काहीतरी बघितलं आणि तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. काकांनी आम्हाला पेढे दिले. परत येताना रस्त्यात प्रत्येक रिक्षाला माळ होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी पेडल्स घरी आली. पाटा सिंकखाली परत गेला. या पेडल्सना कशाचाच टेकू लागत नव्हता, चार माणसांनी ढकललं तरी हलली नसती. मी आधी बसले. काय सांगू, पायाला डोळे फुटल्यासारखं झालं. मधली जागा कुठे, जोर किती, विमान किती वळलं, सगळं पायाला कळत होतं. मी उड्या मारायच्याच बाकी होते. मग अण्णा बसले. नवीन यंत्र, सवय नाही, म्हणून मी त्यांच्यासाठी सगळं सोपं करून ठेवलं होतं. स्वच्छ आकाश, दुपारचा उजेड, आणि वारा शून्य. खेळात वारा हवा तसा लावता येतो, नको तर बंद करता येतो.

विमान वर गेलं, वळलं, खाली यायला लागलं. धावपट्टी समोर आली आणि नाक डावीकडे जायला लागलं. अण्णांनी हातातली काठी, म्हणजे जॉयस्टिक, उजवीकडे ओढली. नाक आणखी डावीकडे. मी वाकून टेबलाखाली बघितलं. त्यांचा डावा पाय पेडलवर पुरता दाबलेला होता. ती जड स्प्रिंग शेवटपर्यंत गेली होती, आणि अण्णा समोर बघत होते.

"अण्णा, डावा पाय."

"पाय बरोबर हा. वारो हा गो, वारो ढकलतोय."

विमान गवतात गेलं आणि थांबलं. बाहेर कोणाच्या तरी घरात सोनं वाटायला आलेल्या मुलांचा गलका चालला होता.

"अण्णा," मी म्हटलं, "वारा मी बंद ठेवलाय."

मी टेबलाखालून बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी बसले. जुन्या पेडल्सवर खापर फोडता येत होतं. या नव्या पेडल्सनी ती सोय ठेवली नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गणपतीच्या आधीपासून." मग पायांकडे बघत, "सकाळी चप्पल पायात आहे की नाय, ते खाली बघून कळतं मला."

"मग डॉक्टरांना हो हो काय म्हणत होतात?"

"सवय," अण्णा म्हणाले. आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे आईलाही पूर्ण माहीत नव्हतं. ड्रायव्हरची ठरावीक वर्षांनी मेडिकल व्हायची. दिसतं का? हो. ऐकू येतं का? हो. पाठ दुखते का? नाही. एकदा उत्तर चुकलं की माणूस अनफिट. मग गाडी हातातून जायची आणि आयुष्यभर चाक धरलेला माणूस डेपोच्या फाटकावर बसून गाड्यांचे नंबर टिपायचा. म्हणून सगळे ड्रायव्हर आदल्या दिवशी एकमेकांना शिकवायचे, डॉक्टरने काहीही विचारलं तरी छाती काढून बोलायचं. अण्णांनी सगळ्या मेडिकल अशाच पार केल्या होत्या.

"पण आता कोण कसली गाडी काढून घेणार आहे तुमच्याकडून?"

"पाय," अण्णा म्हणाले. "आमच्या डेपोतला एक जण जखम दाखवायला गेला. पाय ठेवून आला."

"तो सांगितल्यामुळे नाही गेला, अण्णा. उशिरा सांगितल्यामुळे गेला."

मला रडू येत होतं, पण आमच्या घरात रडलेल्या माणसाला आधी चहा विचारतात, त्यामुळे रडण्याला जागाच राहत नाही. आई चहा घेऊन दारात उभी होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. तिने कप टेबलावर ठेवले आणि अण्णांना म्हणाली, "उद्यापासून घरातसुद्धा चप्पल घालायची. आणि गच्चीवर मी जाईन, कंबर गेली खड्ड्यात."

आता पेडल्स माझ्या पायाखाली असतात आणि काठी अण्णांच्या हातात. एकाच टेबलाला दोन खुर्च्या. ते ऑर्डर सोडतात, मी पाय हलवते. "डावा दे. जास्त नको. अगं, सोड आता, झोपलीस काय?" विमानाला दोन माणसं लागतात हे आम्हाला पटलेलं आहे. कधी कधी ते स्वतःच्या पायांकडे बघतात, मऊ सोलच्या त्या खास बुटांकडे, आणि मी बघितलं नाही असं दाखवते. वाईट वाटतंच. हातपाय शाबूत असलेला माझा ड्रायव्हर बाप मला पुन्हा हवा असतो, आणि तो आता मिळायचा नाही हेही माहीत असतं. ऑक्टोबर आला, तेलाचं फडकं हातात घेतलं की हे सगळं परत वर येतं.

पण मी पेडल्स पुसत बसते ती दसऱ्यानंतरच्या सकाळसाठी. डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी होती, भिंतीवर आदल्या दिवशीचं तोरण सुकून आलं होतं. अण्णांनी बूट काढले, डोळे मिटले. डॉक्टरांनी अंगठ्याला तंतू टेकवला आणि विचारलं, "लागतंय?"

अण्णांनी खुर्चीची कड घट्ट धरली.

"नाय," ते म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. त्यांनी करंगळीला टेकवला. नाय. चवड्याला. नाय. प्रत्येक "नाय" बरोबर अण्णांचा चेहरा लहान होत चालला होता, आणि मला त्यांचा हात धरायचा होता, पण धरला नाही, कारण हे त्यांचं त्यांनाच करायचं होतं. पावलाच्या मध्यावर. नाय. डॉक्टर लिहीत होते. मग त्यांनी तंतू टाचेच्या कडेला टेकवला. अण्णांच्या कपाळाला आठी पडली, डोळे मिटलेलेच.

"लागतंय," अण्णा म्हणाले.

आणि ते खरं होतं.